पुढच्या वर्षी बघू

शेडनेटचं दार उघडलं आणि चिमटीला आधी वास आला. न वाळलेल्या कपड्यांना येतो तसा, कुबट. मग रोपं दिसली. कोबीच्या ट्रेंवरून कुणीतरी हात फिरवून गेल्यासारखी ती एका अंगावर झोपली होती. चिमटी उकिडवी बसली. एक रोप दोन बोटांत धरून पाहिलं. पानं हिरवीगार, पण मातीलगत मान सुतासारखी बारीक होऊन काळी पडलेली. हलकंच ओढलं तर रोप हातात आलं आणि मूळ मातीतच राहिलं.

"आप्पा," तिनं हाक मारली. "जरा इकडं या."

आप्पा नळापाशी झारी भरत होते. झारी तिथंच ठेवून ते आले. त्यांचा उजवा हात खिशात होता. गेल्या वर्षापासून तो हात थरथरायला लागला होता, आणि लोकांसमोर जाताना ते तो खिशात घालायचे. आता घरच्या माणसांसमोरही घालायला लागले होते.

"किती ट्रे?" त्यांनी विचारलं.

"मधल्या रांगा सगळ्या. कडेच्या बघते."

"आभाळ निवळत नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार," आप्पा म्हणाले. आठवडाभर ऊन पडलेलं नव्हतं. शेडच्या हिरव्या जाळीवरून पाण्याचे थेंब सावकाश गळत होते, आणि एरवी दुपारपर्यंत कोरडा पडणारा ट्रे संध्याकाळपर्यंत चिंब राहत होता. "पाणी तोड आता."

"काल संध्याकाळीच तोडलं."

"मग परवा तोडायला हवं होतं."

परवा तिच्याही मनात आलं होतं. पण परवा मिरचीला पाणी हवं होतं, आणि दोन्हींची नळी एकच होती.

चिमटी हे नाव आप्पांनीच ठेवलेलं. लहान असताना ती त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसायची, आणि वाटीतलं मोहरीएवढं बी चिमटीत बरोबर एकच उचलायची. मोठ्या माणसांच्या चिमटीत दोन-तीन येतात, हिच्या एकच यायचं. "हिच्या बोटांना डोळे आहेत," असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पुढं ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, पण गावाला तिचं खरं नाव आठवेना ते आठवेनाच.

रोपं तयार करून विकायची हा घरचा धंदा. शेतकरी आधी सांगून ठेवायचे, रान तयार करायचे आणि ठरल्या दिवशी ट्रे न्यायला यायचे. ट्रेमध्ये नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरणं, कप्प्याकप्प्यात बोटानं खळगा करणं, बी टाकणं, वरून झाकणं, सगळं हातानं. आई होती तेव्हा तिघं मिळून करायची. आता आई नव्हती. आप्पांच्या हातून बी वाटीतच सांडायचं. राहिली चिमटी, आणि चुलीपाशी आत्या.

पडलेली रोपं काढता काढता ती भिंतीकडच्या रांगेपर्यंत आली आणि थांबली. शेडच्या त्या कडेला जुन्या गोठ्याची भिंत होती. तिथलेही ट्रे तेवढेच ओले. पाणी तेच, बीही तेच. पण रोपं उभी होती. अधूनमधून एखादं लवलेलं, बाकीची ताठ. तिनं पुन्हा एकदा वाकून, मातीलगत डोळे नेऊन पाहिलं.

"आप्पा, या कडेचे ट्रे कशानं भरले होते आपण?"

"त्या दिवशी कोकोपीट संपलं होतं. आत्याच्या खड्ड्यातलं जुनं खत मिसळलं होतंस की तूच."

ते तिला आठवलं. त्या दिवशी ती वैतागली होती, आणि हे ट्रे फुकट जाणार असं धरूनच तिनं ते कडेला सारले होते.

*

दाढीवाले दुपारी आले. नदीपलीकडं त्यांचं मोठं रान होतं आणि दर हंगामाला कोबीची रोपं ते आप्पांकडूनच न्यायचे. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. ते शेडमध्ये शिरले, कोपऱ्यातला काढलेल्या रोपांचा ढीग पाहिला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आप्पा, मी रान नांगरून, भिजवून बसलोय. आता त्यात काय लावू? तुमचा शब्द?"

"आभाळानं घात केला," आप्पा म्हणाले.

"आभाळ माझ्यावर पण तेच आहे. ते मी तुमच्याकडं आणून देत नाही."

"बुरशी आहे," चिमटी म्हणाली. "ओल राहिली की मानेपाशी धरते. पाण्याबरोबर एका कप्प्यातून दुसऱ्यात—"

"नाव-गाव नको सांगूस, बाई. माणूस मेल्यावर डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं तर घरच्यांनी काय त्याची आरती करायची? एम.एस्सी. झालीस ना तू? मग त्या शिक्षणाचं काय लोणचं घालायचं, घरची रोपं जगवता येत नसतील तर?"

आप्पांनी मान खाली घातली. मग काहीतरी करून दाखवलं पाहिजे असं वाटून ते भिंतीकडं गेले आणि चांगल्या रोपांचा एक ट्रे उचलून घेऊन आले. दोन्ही हातांनी. उजवा हात खिशातून निघालाय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. ट्रे थरथरू लागला. रोपं डोलायला लागली, वारा सुटल्यासारखी. कप्प्यांतली माती दाढीवाल्यांच्या चपलांवर सांडली.

दाढीवाल्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पुढं होऊन तो ट्रे आप्पांच्या हातातून काढून घेतला, लहान मुलाच्या हातून तांब्या घ्यावा तसा, आणि हळूच खाली ठेवला.

"राहू द्या, आप्पा," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "हे एवढे चांगले आहेत ते माझ्या नावानं ठेवा. बाकीचे पुन्हा पेरा. मी थांबतो महिनाभर."

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं चिमटीला वाटलं. ते गेल्यावर आप्पा बराच वेळ नळापाशी पाठमोरे उभे होते. नळ चालू नव्हता.

*

आत्या पडवीत बसून मटार सोलत होती. ती आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. चिमटी समोर बसली आणि तिनंही सुपातल्या शेंगा ओढून घेतल्या.

"महिनाअखेर तुझी ती तारीख आहे ना," आत्या म्हणाली. "अर्जाची."

"कुठली?"

"आता कुठली म्हणे. पीएच.डी.ची. दर वर्षी या दिवसांत तू जेवताना भिंतीकडं बघायला लागतेस, त्यावरून माझ्या लक्षात येतं."

चिमटीनं शेंग मोडली. "पुढच्या वर्षी बघू."

"हे वाक्य मी ऐकतेय तेव्हापासून ते वाढतंय. आता त्याला मिसरूड फुटेल."

चिमटीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. पहिल्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली होती. अर्ज भरायचा विषयच नव्हता. पुढच्या वर्षी आप्पांचा हात. तेव्हाही नव्हता. आणि यंदा हे. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. कुणालाही सांगितलं असतं तरी त्यानं मान डोलावली असती, आणि डोलावलीही होती. फक्त एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. कारण मिळालं की तिच्या छातीवरचा दगड थोडा हलका व्हायचा.

"पुन्हा पेरायचंय सगळं," ती म्हणाली. "आप्पांच्यानं होत नाही. मी गेले तर बी कोण टाकणार?"

आत्यानं सूप हलवलं, दाणे एका बाजूला केले.

"कुणीतरी टाकेल," ती म्हणाली.

"कुणीतरी म्हणजे कोण, आत्या?"

"अगं, शेंगा सोल. सालंच दाण्यांत टाकतेयस."

*

चिमटी शहरात गेली ती निमित्त काढूनच गेली. पडलेली रोपं आणि भिंतीकडची उभी रोपं मुळांवरच्या मातीसकट दोन वेगळ्या पिशव्यांत बांधून, खोक्यात घालून, खोकं मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. औषध कुठलं मारायचं ते एम.एस्सी.च्या मॅडमना विचारून येते, असं तिनं घरी सांगितलं. आप्पा म्हणाले, "ये जाऊन. घाई करू नकोस." ते इतक्या सहज म्हणाले की तिला जरा विचित्रच वाटलं.

कॉलेजच्या मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मॅडमची प्रयोगशाळा होती. कॉरिडॉरमध्ये तोच वास होता, स्पिरिटचा आणि उकळलेल्या अगार-जेलीचा. आत तिची जुनी वर्गमैत्रीण टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. जाड भिंगांमुळं वर्गात तिला सगळे चष्मिस म्हणत. एम.एस्सी.चा निकाल लागला आणि ही तशीच, पाय न टेकवता, इथं आली होती.

चिमटीनं खोकं ठेवल्याच्या आवाजानं ती जागी झाली. गालावर वहीच्या तारेचे वळ उठले होते.

"तू? आलीस शेवटी?"

"आले म्हणजे, रोपं दाखवायला आले."

"रोपं दाखवायला," चष्मिस म्हणाली आणि डोळे चोळत हसली. "बस. मॅडम तासावर गेल्यात. तो सूक्ष्मदर्शक मोकळा आहे."

चिमटीनं हात धुतले. पात्यानं मानेचा काळा भाग कापला, पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवला आणि डोळा लावला. आधी नुसता धुरकट उजेड. मग बोटांनी आपणहून चाक फिरवलं आणि धागे दिसले. पारदर्शक, फांद्या फुटलेले, पेशींच्या भिंती भेदून आरपार गेलेले. आठवडाभर जे तिला छळत होतं ते एवढं नाजूक होतं. मग तिनं उभ्या रोपाची मान कापली. मग मुळावरची माती. मग पुन्हा पडलेल्याची. खुर्ची तिनं कधी पुढं ओढली ते तिला कळलं नाही. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मागं कुठलं तरी यंत्र घुमत होतं. मान वर केली तेव्हा खिडकीतला उजेड दुसऱ्या भिंतीवर गेला होता, आणि तिला सडकून भूक लागली होती.

चष्मिसनं डबा उघडून मध्ये ठेवला. दोघी खिडकीपाशी उभ्यानं जेवल्या.

"कसं आहे इथं?" चिमटीनं विचारलं.

"खरं सांगू? पहिला विषय वर्षभर केला आणि टाकून दिला. मला तो माझा वाटलाच नाही कधी. सगळे अर्ज करत होते म्हणून मी केला. कधी कधी अख्खा दिवस जातो आणि आपण आज कुणाशी बोललो तेच आठवत नाही. तू थांबलीस ते बरं केलंस." तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला. त्याच्याशिवाय तिचे डोळे फार थकलेले दिसत होते. "पण तू थांबलीस की घाबरलीस?"

चिमटीनं घास चावत खाली रस्त्याकडं पाहिलं.

"मी वाईट अर्थानं नाही विचारत," चष्मिस म्हणाली. "मी घाबरून आले. घरी बसायला घाबरले. म्हणून विचारलं."

मॅडम तासावरून आल्या. केस आता पुरते पांढरे झाले होते. त्यांनी पडलेलं रोप बघितलं आणि औषधाचं नाव कागदावर लिहून दिलं. कामच संपलं. चिमटीनं कागद घेतला पण उठली नाही.

"आणखी काही?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, अर्ज कधी करावा? माणसानं लगेच यावं, की सगळं मार्गी लावून यावं?"

"मला माहीत नाही." मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. "इतकी वर्षं मुलं हे विचारतात आणि इतकी वर्षं मला ते माहीत नाही. काही लगेच येतात आणि अर्ध्यात सुटतात. काही थांबून येतात आणि जीव टाकून काम करतात. काही थांबतात ते थांबतातच. बाहेरून तिन्ही सारखे दिसतात." त्यांनी टेबलावरचं रोप बाजूला ठेवलं. "एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मी निवृत्तीला आले. यंदा मला नवा विद्यार्थी घेता येईल, पुढच्या वर्षी नियमात बसणार नाही. हे तुला भीती घालायला नाही सांगत. न सांगणं बरं दिसलं नसतं."

चिमटीनं हातातल्या कागदाची घडी घातली.

"माझ्याकडंच आलं पाहिजे असं नाही," मॅडम म्हणाल्या. "दुसरे आहेत, चांगले आहेत. पण कुणाहीकडं गेलीस तरी तो हेच विचारेल. तुला नक्की काय बघायचंय?"

चिमटीनं दुसरी पिशवी पुढं केली. "ही रोपं पडली नाहीत."

"का?"

"तेच कळत नाही. पाणी तेच, बी तेच. फक्त मातीत घरचं जुनं खत होतं. मघाशी पाहिलं, त्या मातीत दुसरीच कुठली तरी बुरशी भरपूर दिसतेय. ती पहिलीला खाते, की तिची जागा अडवते, की रोपालाच काही करते? आणि सगळ्याच जुन्या खतात असं होतं की आमच्याच? दुसऱ्या एका खड्ड्यातलं घालून बघायला हवं. त्यातली बुरशी मरेपर्यंत भाजून घातलं तर—"

ती थांबली. आपण टेबलावर पुढं वाकून बोलतोय हे तिच्या लक्षात आलं.

मॅडम हसल्या नाहीत. "यावर लोकांनी काम केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "बरंच. संपलेलं मात्र नाही. अर्ज करायचं ठरवलंस तर आता बोललीस तेच लिही. आणि हे 'भाजून घातलं तर' विसरू नकोस."

*

ती गावात बसमधून उतरली तेव्हा दिवस अजून बऱ्यापैकी वर होता. आभाळ पहिल्यांदाच थोडं फाटलं होतं आणि शेडच्या जाळीवर पिवळं ऊन पडलं होतं. रिकामं खोकं काखेत धरून ती बांधावरून आली. आतून आप्पांचा आवाज ऐकू आला.

"खळगा नखाएवढा. जास्त नको. खोल गेलं तर वर यायला दमतं."

"असं का?" एक बाईचा आवाज.

"हां. आणि बी टाकलं की बघत बसायचं नाही, पुढं जायचं."

चिमटी दारात थांबली. तिच्या पाटावर विहिरीवरची बसली होती. गावच्या विहिरीजवळ राहायची म्हणून तिला तेच नाव पडलं होतं. कुणाच्या ना कुणाच्या रानात ती खुरपायला जायची. आप्पा तिच्यासमोर खोक्यावर बसले होते. उजवा हात गुडघ्यावर उघडा होता, थरथरत. तो लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. शेजारी पेरलेल्या ट्रेंची चवड होती. चिमटीनं वरचा ट्रे पाहिला. कप्पे सारखे भरलेले, कडा पुसलेल्या. काम आजच शिकलेल्या हाताचं नव्हतं.

विहिरीवरचीनं मान वर केली आणि ती पाटावरून उठायला लागली. "आलात होय, ताई."

"बसा, बसा," चिमटी म्हणाली. "कामात आहात."

पण तिनं पदर झटकला, उद्या लवकर येते म्हणाली आणि गेली. शेडमध्ये दोघंच राहिली.

"कधीपासून?" चिमटीनं विचारलं.

"तू बाजारात गेलीस की येते, जुन्या ट्रेंत हात बसवते. महिना झाला असेल, जास्तच." आप्पांनी वाटीतलं उरलेलं बी डाव्या हातानं पुडीत ओतलं. "हात चांगला आहे तिचा. तुझ्यासारखा नाही. पण चांगला आहे."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, कशाला, मी आहे की."

ती तसंच म्हणाली असती. ती पाटावर बसली. पाट अजून ऊबदार होता. दुसऱ्याच्या अंगाची ऊब. तिला तिथून उठून जावंसं वाटलं, पण ती बसून राहिली.

"आत्याला माहीत होतं?"

"तिनंच आणली तिला."

बाहेर झाडांवर पाखरांचा गलका सुरू झाला होता. चिमटीनं ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं. सकाळपासून मनात काय काय योजलं होतं. आप्पांना समजावून सांगायचं, त्यांनी नाही म्हणायचं, मग आपण थांबायचं. किंवा त्यांनी डोळ्यांत पाणी आणून हो म्हणायचं. यातलं काहीच करायला आता जागा नव्हती.

"मी नसले तर चालेल?" तिनं विचारलं.

आप्पांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. चालणार नाही म्हणाले असते तर तिला दोन्ही मिळालं असतं, थांबायला कारणही आणि मानही.

"चालेल," आप्पा म्हणाले.

चिमटीनं बियांची पुडी घट्ट दुमडली.

"चालेल म्हणजे, चालवू. तुझी आई गेली तेव्हा मला वाटलं होतं की आता चुलीत जाळ काही पेटायचा नाही. दुसऱ्या दिवशी चहा झालाच. मला त्या चहाचा राग आला होता." ते खोक्यावरून उठले. उठताना त्यांनी उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला, आधाराला. तिच्या खांद्यात ती थरथर उतरली आणि दंडापर्यंत गेली. "हे झाकून टाक. ऊन जायच्या आत कोपऱ्यात लाव चवड."

तिनं ट्रे प्लॅस्टिकखाली झाकले. चांगले पेरले होते. एकाही कप्प्यात दोन बिया नव्हत्या. तिनं तीन-चार ठिकाणी माती बाजूला करून पाहिलं, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

*

अर्ज तिनं बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून भरला. कशावर काम करायचंय त्या रकान्यात ती मॅडमशी बोलली तसंच लिहीत गेली, आणि भाजून घातलेल्या खताबद्दलही लिहिलं. दुकानदारानं विचारलं, "नोकरीचा का?" ती म्हणाली, "नाही, शिकायचा." तो म्हणाला, "अजून?" आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळला.

मुलाखतीला बोलावणं आलं ते नेमकं मिरचीची रोपं न्यायला लोक येत होते त्या दिवसांत. तिला वाटलं, आप्पा काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "बस सकाळची पकड, नंतरच्या भरलेल्या येतात."

लांब टेबलापलीकडं सगळे अनोळखी होते. मॅडम एका टोकाला बसल्या होत्या आणि मुद्दाम तिच्याकडं बघत नव्हत्या. मधल्या गृहस्थांनी कागद उलटले. "एम.एस्सी.नंतर एवढी वर्षं काय करत होतात?"

"रोपं लावत होते."

"कुठल्या प्रकल्पात?"

"घरी. आमचा रोपांचा धंदा आहे."

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले, आणि शेजारच्याकडं पाहून म्हणाले, "म्हणजे गॅप आहे." हात तिनं टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरले. नखांत अजून मातीची काळी रेघ होती, सकाळी दोनदा घासूनही. मग कडेच्या बारीक अंगाच्या बाईंनी विचारलं, आभाळ यायच्या आधी भिंतीकडच्या ट्रेंना ऊन जास्त लागत नव्हतं कशावरून? "ते मी तपासलं नाही," चिमटी म्हणाली. "भिंत सकाळी सावली देते. दुपारी तापते. तापल्यामुळंही झालेलं असू शकतं. ट्रेंची जागा बदलून बघायला हवं होतं. तेव्हा रोपं वाचवायची होती." त्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. पुढचा वेळ कसा गेला ते तिला नीट आठवत नव्हतं.

तिची निवड झाली. मॅडमकडंच. आत्यानं शेजारी सांगितलं. शेजारणीनं विचारलं, "म्हणजे आता लग्न कधी?" आत्या म्हणाली, "आधी बुरशीचं लावून देणार आहे ती."

निघायच्या दिवशी दाढीवाले रोपं सांगायला आले होते. बॅग पाहून म्हणाले, "आमच्या डॉक्टरीणबाई निघाल्या वाटतं. आता निदान रोपं तरी जगतील." मग त्यांनीच बॅग उचलून बसथांब्यापर्यंत नेली, आप्पांना उचलू न देता. आप्पा मागून रिकाम्या हातांनी चालत होते. बस आली तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला. हात थरथरत होता, त्यामुळं ते निरोप देतायत की नुसताच वर धरलाय ते लांबून कळत नव्हतं.

*

हॉस्टेलची खोली अरुंद होती. एक पलंग, एक टेबल, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडं तोंड केलेली खिडकी. दिवसभर प्रयोगशाळेत ती बुरशी वाढवायच्या काचेच्या बशा तयार करायची, त्यांवर नावं लिहायची, गरम कपाटात ठेवायची. चष्मिस पलीकडच्या टेबलावर असायची. कधी दोघी जेवायला बरोबर जायच्या, कधी एकमेकींना विसरायच्या. पहिल्या खेपेच्या सगळ्या बशा खराब झाल्या. हवेतली कुठली तरी भलतीच बुरशी येऊन बसली. मॅडम म्हणाल्या, "होतं. पुन्हा लाव." तिला त्या शब्दांचं नवल वाटलं नाही.

रविवारी इमारत रिकामी असायची. हॉस्टेलच्या मुली कुठं कुठं गेलेल्या. चिमटी बशा बघायला वर गेली, पाहिल्या, टिपून ठेवलं, आणि जिन्यातल्या खिडकीपाशी उभी राहून घरी फोन लावला. आप्पांनीच उचलला.

"बोल."

"काही नाही. असाच केला. आत्या?"

"झोपलीय जरा. तुझं कसं?"

"बरं चाललंय. तिकडं ऊन आहे का?"

"कालपासून नाही. आभाळ आहे."

"मग रोपं?" तिनं विचारलं. "कोबीची?"

"बरी आहेत."

"मधल्या रांगा?"

"सगळी उभी आहेत. ट्रे खत मिसळून भरले या खेपेला, तू सांगितलं होतंस तसे."

"एकही नाही पडलं?"

"नाही, बाळ. बरी आहेत."

तिनं खिडकीचा गज धरला. एखादा ट्रे तरी गेला असेल असं तिला मनातून वाटत होतं. वाटत होतं कसलं, हवं होतं. मग आप्पांनी विचारलं असतं, पाणी कधी तोडू, औषध किती घालू, आणि ती बोलत राहिली असती. तिला स्वतःची लाज वाटली. फोनमधून झारीचं पाणी पडल्याचा आवाज येत होता, मग विहिरीवरचीचा, लांबून. "आप्पा, हे कुठं ठेवू?"

"भिंतीकडं ठेव," आप्पा तिकडं म्हणाले. मग पुन्हा फोनमध्ये कुणीच बोललं नाही. ते तिथंच होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. दोघंही आपापल्या जागी उभी होती.

"गिऱ्हाईक आलंय," आप्पा म्हणाले. "ठेवू?"

"ठेवा," ती म्हणाली.

आप्पांना हल्ली फोन बंद करायचं बटण पटकन सापडायचं नाही. म्हणून आणखी थोडा वेळ तिकडचं ऐकू येत राहिलं. कुणीतरी हसलं, ट्रेवर ट्रे ठेवल्याचा आवाज आला, आप्पा कुणाला तरी बसा म्हणाले. चिमटी फोन कानाला लावून जिन्यात उभी राहिली, तो आपोआप बंद होईपर्यंत.